नऊ पुस्तकांची यादी

माझ्या यजमानांचे मामेभाऊ तुरुंगातून सुटून आमच्याकडे हवापालटाला आले, तेव्हा खंडाळ्याच्या घाटात अजून कोळशाची इंजिनं चालत होती. यजमान लोणावळा स्टेशनात तारमास्तर होते. रेल्वेच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या होत्या, मागे धुण्याचा दगड मावेल एवढं अंगण होतं आणि शेजारच्या बिऱ्हाडात व आमच्यात एका विटेची भिंत होती. भाऊजींना मी त्याआधी एकदाच, आमच्या लग्नात पाहिलं होतं. तेव्हा ते चांगले अंगाने भरलेले होते. आता बारीक झाले होते आणि खोकत होते. डॉक्टरांनी त्यांना महिनाभर उंचावरच्या हवेत राहायला सांगितलं होतं, आणि उंचावर राहणारे नातेवाईक त्यांना आम्हीच होतो.

यजमानांची यात थोडी अडचण होती. नोकरी रेल्वेची, आणि घरात सरकारविरुद्ध भाषणं करून शिक्षा भोगलेला माणूस. पण आजारी मामेभावाला नको म्हणायची आमच्याकडे पद्धत नव्हती. यजमानांनी स्टेशनमास्तरांना "मामेभाऊ आजारी आहे" एवढंच सांगितलं, आणि ते खरंच होतं. ते तसेही कमी बोलत. दिवसभर तारा पाठवून त्यांना लांब वाक्याची सवय राहिली नव्हती. मलासुद्धा त्यांनी असं सांगितलं होतं : "पाहुणा येतोय. शनिवारी. खोकतो."

भाऊजींचं याच्या उलट. त्यांना ऐकणारं माणूस लागायचं. यजमान ड्यूटीवर असत, म्हणून ते माणूस मी झाले. मी भाजी निवडत असले की ते समोर पाटावर बसून देशाच्या स्थितीबद्दल सांगत. मला त्यातलं निम्मं समजत होतं, पण भाजी निवडून व्हायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते मधेच थांबले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही काय वाचता?"

मी म्हटलं, "श्रावणात कहाण्या. आणि पंचांग."

"शाळेत गेला होतात ना?"

"तळेगावला. चौथी पास आहे."

"मग असं का?" ते म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी कागद मागितला. आमच्या घरात कागद म्हणजे तारेचे जुने फॉर्म. त्यातल्या एकाच्या पाठीवर त्यांनी शाईने नऊ पुस्तकांची नावं लिहिली. लिहिताना ते एकदाही अडखळले नाहीत. आकडे घातले, खाली रेघ मारली आणि फॉर्म माझ्या हातात देऊन म्हणाले, "ही वाचल्याशिवाय माणूस जागा होत नाही."

मी म्हटलं, "मी पहाटे पाचला उठते."

"तसं नव्हे," ते म्हणाले, आणि जागं होणं म्हणजे काय ते त्यांनी दुपारचा चहा होईपर्यंत समजावून सांगितलं.

महिन्याच्या शेवटी त्यांचा खोकला गेला, गाल भरून आले आणि ते पुण्याला गेले. जाताना यजमानांचा मफलर घेऊन गेले. तो त्यांनी विचारून घेतला होता. यादी मी डब्याच्या फळीवर, मिठाच्या बरणीखाली ठेवली. वाचायचं मनात नव्हतं असं नाही. पण नऊ पुस्तकं ही गोष्ट माझ्या अंदाजाबाहेरची होती. माझ्या माहेरी सगळी मिळून चार होती, आणि त्यातलं एक कुलुपात असे.

सुरुवात कशी झाली ते सांगते. बाजारपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर वाचनालय होतं. यजमान तिथे जाऊन वर्तमानपत्र पाहत, म्हणजे पावसाची बातमी पाहत. एकदा जाताना मी त्यांना यादीतलं पहिलं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. ते पुस्तक घेऊन आले. एका परक्या देशातल्या देशभक्ताचं ते चरित्र होतं, दोन भाग, आणि आणलेला होता तो दुसरा.

"पहिला?" मी विचारलं.

"नाही. वाळवीने खाल्ला."

म्हणून मी दुसऱ्या भागापासून सुरुवात केली. तो देशभक्त आधीच तुरुंगात होता. का, ते मला पुष्कळ पुढे कळलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मला मनातल्या मनात वाचता येत नव्हतं. आमच्या शाळेत वाचन म्हणजे उभं राहून मोठ्याने वाचायचं. तोंड मिटलं तर पंतोजी विचारत, "थांबलीस का?" त्यामुळे मी पुस्तक उघडलं की आवाज निघे. दुपारी यजमान कामावर आणि थोरली मुलगी झोपलेली असे, तेव्हा मी अंगणाच्या दाराशी बसून वाचायची, आणि धुण्याच्या दगडापाशी मावशी भांडी घासत ऐकायच्या.

या मावशी टाकव्याच्या वरच्या अंगाला, आंदर मावळातल्या एका गावच्या. धरण भरलं त्या वर्षी त्यांचं शेत पाण्याखाली गेलं आणि नवरा-बायको लोणावळ्याला आली. नवरा रेल्वेच्या लायनीवर खडी ओढायला लागला, या चाळीत चार घरची भांडी घासायला लागल्या. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण ऐकलेलं विसरत नसत. आदल्या दिवशी मी कुठे थांबले होते ते मला त्याच सांगत.

"त्यो बेटावर व्हता. बायकूचं पत्र आलं व्हतं. तितनं म्होरं वाचा."

पुस्तकातली माणसं परदेशातली असल्याचा त्यांना काही त्रास झाला नाही. नावं तेवढी अवघड वाटली, म्हणून त्या त्या देशभक्ताला "आपला दादा" म्हणू लागल्या आणि त्याच्या राजाला "त्यो मुडदा".

पंधरा-वीस दिवसांनी भिंतीपलीकडच्या बाई मला नळावर भेटल्या. त्यांचे यजमान मालधक्क्यावर मोठे कारकून होते. बाई हळूच म्हणाल्या, "काल तुम्ही फारच घाईने वाचलंत. तो बोटीत बसला, त्याच्या पुढचं ऐकूच आलं नाही."

एका विटेच्या भिंतीचा मी विचारच केला नव्हता. आणि आदल्या दिवशीच्या पानांत बोटीशिवाय पुष्कळ काही होतं. परकी सत्ता उलथून टाकणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य कसं आहे, ते मी सव्वादोन वाजता रेल्वेच्या चाळीत खणखणीत आवाजात वाचलं होतं. ते ऐकायला आलं का, असं काही मी विचारलं नाही.

त्यावर मी एक उपाय काढला. घाट चढून येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिन लावत. गाडी वर आली की ते सुटायचं, शिट्टी द्यायचं, वाफ सोडायचं. दोन-चार मिनिटं चाळीत कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नसे. मी वाचताना पुढच्या ओळींवर नजर ठेवू लागले. कर्तव्य, सत्ता, बंड असे शब्द दिसले की थांबायची आणि गाडीची वाट पाहायची. इंजिन आलं की तेवढा परिच्छेद वाचून टाकायची. मावशी हात थांबवून माझ्या ओठांकडे बघत. बोटी, पत्रं आणि आजारपणं मात्र साध्या आवाजात. एकदा मालगाडी दीड तास उशिरा आली. त्या दिवशी आमचा दादा न्यायाधीशासमोर तोंड उघडून तसाच उभा राहिला.

हे तीन पुस्तकं चाललं. तिसरं एका क्रांतीचा इतिहास होतं आणि त्यात साधे परिच्छेद फारच थोडे निघाले. एके दिवशी यजमान घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "मोठे कारकून म्हणाले. घरात वाचन चालतं. चांगलं आहे म्हणाले."

"मग?"

"दोनदा म्हणाले."

जेवले, पान खाल्लं, आणि मग म्हणाले, "वाच. आवाज नको."

ते "वाचू नकोस" म्हणाले असते तर मी यादी बरणीखाली पुन्हा ठेवून दिली असती, असं मला आजही वाटतं. पण त्यांनी एवढंच सांगितलं, त्यामुळे मला मनात वाचायला शिकावं लागलं. हे शिकायला मला एक उन्हाळा लागला. आधी पुटपुटायची. मग ओठ हलायचे, आवाज नाही. मग पदराचं टोक दातांत धरून वाचायचा सराव केला. शेवटी एकदा अख्खं पान वाचून झालं आणि माझ्या लक्षात आलं की घरात काहीच ऐकू आलेलं नाही. मला जरा भीतीच वाटली.

यावर मावशींची तक्रार आली. "तुमी मनात वाचता. मंग आमी काय करायचं?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून मी पाच-सात पानं मनात वाचायची आणि त्यांत काय आहे ते त्यांना हलक्या आवाजात माझ्या शब्दांत सांगायची. मावशींना फापटपसारा चालत नसे. मी घोळवायला लागले की त्या म्हणत, "व्हय, पर त्यो म्हनतो काय?" त्यामुळे मला दहा पानांचं चार वाक्यांत सांगता येऊ लागलं. चौथीच्या वर्गात मला ते कधी जमलं नव्हतं. भिंतीपलीकडच्या बाई मात्र काही दिवस मला नळावर टाळत होत्या. पुस्तकं मीच बंद केली असं त्यांना वाटलं.

यादी अशी पुढे सरकत गेली. मधे दुसरी मुलगी झाली, सासूबाई गेल्या, एक वर्ष तापाच्या साथीत गेलं. चौथं सूतकताईवर होतं. पाचवं वेदान्तावर होतं, ते मला समजलं नाही आणि मावशींना समजलं. सहावी कादंबरी होती, तिच्यात शेवटी सगळे मेले. सातवं ब्रह्मचर्यावर होतं. ते मी वाचत होते तेव्हा मला धाकट्याच्या वेळचा पाचवा महिना होता. भाऊजींनी ते यादीत कोणासाठी घातलं असेल याचा मी विचार केला आणि मग सोडून दिला. नवव्या पुस्तकाचं नाव यजमानांनी वाचनालयात काढलं, तेव्हा तिथल्या कारभाऱ्यांनी उठून जिन्याचं दार लावलं.

हे कारभारी एका शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, अतिशय टापटिपीचे. ते यजमानांना म्हणाले, "या पुस्तकावर बंदी आहे. ते आपल्याकडे नाही. आणि असतं तरी नसतं."

यजमानांनी मला हे सगळं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्या मानाने ते मोठंच भाषण होतं. नववं पुस्तक मी अजून वाचलेलं नाही.

राहिलं आठवं, ते अर्थशास्त्राचं. देशातली संपत्ती बाहेर कशी जाते, जमीन कसणाऱ्याच्या हातून कशी सुटते, असा विषय. तोवर घाटात विजेची इंजिनं आली होती, आणि ती जवळजवळ आवाजच करत नसत. पण मला आता त्यांची गरज नव्हती. या पुस्तकाचा सारांश मावशींना सांगत होते तेव्हा त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. नेहमी त्या घासता घासताच ऐकत.

मी सांगितलं, "त्याचं म्हणणं असं, की जमीन गेली म्हणजे माणसाचं सगळंच गेलं."

"त्येला काय ठाव?" मावशी म्हणाल्या. "आमची गेली ना. पैलं वरीस रडलो. मंग न्हाई रडलो. गेली तर गेली. पर उनाळ्यात धरनाचं पानी उतरतं, अन् आमचा बांद वर येतो. आंब्याचं खोड दिसतं. मंग ह्यांचा हात कामात लागत न्हाई. चार-चार दिस तितं जाऊन बसत्यात. गेलं त्याचं दुक न्हाई, बाई. त्ये उनाळ्यात वर दिसतं, त्याचं दुक हाय."

मग त्यांनी पातेलं परत उचललं. पुस्तकात त्यावर काही आहे का म्हणून मी उरलेली सगळी पानं चाळली. नव्हतं.

त्याच सुमारास, मिठाच्या सत्याग्रहाच्या वर्षी, भाऊजी पुन्हा तुरुंगात गेले. काही महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. पाकिटावर तुरुंगाचा शिक्का होता, आणि पोस्टमनने ते यजमानांच्या हातात उलटं करून दिलं. भाऊजींनी लिहिलं होतं की इथे धार्मिक ग्रंथांशिवाय काही वाचायला मिळत नाही. मागे मी वहिनींना एक यादी दिली होती. तिच्यातली कोणती वाचून झाली असल्यास प्रत्येकाचा सारांश कळवावा, म्हणजे माझी उजळणी होईल.

मला आनंद झाला. आठ वर्षांत माझी परीक्षा कोणी घेतली नव्हती. मी यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "पत्र तुरुंगवाले वाचतात. आधी."

"मग जपून लिहीन."

"हो. लहान अक्षर."

मी महिन्याला एक याप्रमाणे आठ पत्रं लिहिली. मावशींना सांगायची तसंच लिहिलं, कारण दुसरी रीत मला माहीत नव्हती. कुठे पुस्तक उगाच लांबलं आहे, कुठे लेखक एकच गोष्ट तीनदा सांगतो, तेही लिहिलं. ब्रह्मचर्याचं तीन ओळींत आटोपलं. आठव्याचं पत्र सगळ्यांत मोठं झालं. त्यात मी सारांश दिला आणि पुढे असं लिहिलं, की आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी, ज्यांची जमीन धरणाखाली गेली, त्यांचं म्हणणं याहून निराळं आहे, त्या म्हणतात की, आणि मग मावशींचं ते वाक्य. भाऊजींचं उत्तर आलं : "पत्रे पोहोचली. मधे मधे शाई आहे. आठव्या ग्रंथातील विचार मनात घोळत आहेत."

शाई म्हणजे तुरुंगातल्या अधिकाऱ्याची. नको ते तो काळं करून आत देत असे. काय काळं केलं ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता.

पुढच्या वर्षी ते सुटले आणि त्यांची लोणावळ्यात सभा ठरली. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ, वाचनालयासमोरचं पटांगण. यजमान सकाळी ड्यूटीवर जाताना म्हणाले, "सभेला नको." मी म्हटलं, "बरं." आणि दुपारी, पत्रासाठी ठेवून घेतलेलं आठवं पुस्तक परत करायला वाचनालयात गेले. तोपर्यंत बायका वाचनालयात येत नसत, पण कारभाऱ्यांनी मला खुर्ची दिली. ती त्यांनी खिडकीपाशी ठेवली. मावशींना मी सोबतीला नेलं होतं. त्या खिडकीखाली जमिनीवर बसल्या, त्यांना दिसत नव्हतं पण ऐकू येत होतं.

भाऊजी छान बोलत. आवाज बसला होता तरी मागच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. शेतकरी, माळी, हमाल, दोन-तीनशे माणसं असतील. अर्धा तास झाल्यावर ते जमिनीच्या प्रश्नावर आले. माझी वाक्यं एकामागून एक यायला लागली. आधी मला वाटलं, पुस्तकातलंच ते, दोघांचं सारखं असणार. पण "लेखक हे तीनदा सांगतो, कारण पहिल्या दोनदा त्याचाच विश्वास बसलेला नसतो," हे मी मावशींना हसवण्यासाठी म्हटलं होतं आणि तेच पत्रात लिहिलं होतं. त्यावर पटांगणात लोक हसले.

मग भाऊजींनी हात वर केला. "एक थोर अर्थशास्त्रज्ञ म्हणतो," ते म्हणाले, "गेलं त्याचं दुःख नाही. ते उन्हाळ्यात वर दिसतं, त्याचं दुःख आहे. बंधूंनो, या वाक्यावर मी तुरुंगात चार महिने विचार केला. उन्हाळा म्हणजे काय? उन्हाळा म्हणजे पारतंत्र्य."

टाळ्या पडल्या. बराच वेळ पडल्या.

मावशी खाली बसल्या बसल्या म्हणाल्या, "उनाळा म्हंजी उनाळा." आणि थोड्या वेळाने, "हे मी म्हनले व्हते न्हवं?"

"हो," मी म्हटलं.

"मंग त्यो कोन शास्तरी?"

कारभारी टेबलाशी बसून हे ऐकत होते. त्यांनी मी परत केलेलं पुस्तक उघडलं, अनुक्रमणिका पाहिली, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिली. "कितव्या पानावर आहे?" त्यांनी मला विचारलं. "उद्या लोक विचारायला येतील. मला खूण घालून ठेवावी लागेल."

मी म्हटलं, "ते या पुस्तकात नाही."

"पण ते म्हणाले."

"ते या मावशींचं आहे."

कारभाऱ्यांनी मावशींकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं, आणि पुस्तक मिटून कपाटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी खरंच अकरा माणसं ते पुस्तक मागायला आली. कारभाऱ्यांनी त्यांना काय सांगितलं ते मला माहीत नाही. पण त्यानंतर त्यांनी बुधवारी दुपारी बायकांसाठी वाचनालय उघडं ठेवायला सुरुवात केली. पहिल्या बुधवारी मी आणि भिंतीपलीकडच्या बाई, अशा दोघी गेलो. बाईंनी दादाच्या चरित्राच्या पहिल्या भागाची चौकशी केली. वाळवीचं ऐकून त्यांना फार हळहळ वाटली.

सभेच्या संध्याकाळी भाऊजी चहाला आमच्याकडे आले. केस पिकले होते, पण खुशीत होते. यजमान घरी होते, त्यांनी नमस्कार केला आणि ते वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत बसले. ते पान उलटत नव्हते, म्हणजे ऐकत होते.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुमच्या पत्रांनी मला तारलं. काय सारांश काढलेत तुम्ही."

मी विचारलं, "तुमची उजळणी झाली ना?"

भाऊजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"उजळणी म्हणजे," ते म्हणाले, "खरं सांगायचं तर मी त्यातली तीन वाचली होती. चौथ्याची प्रस्तावना."

"मग यादी कशी केलीत?"

"आम्हाला पुण्यात एका मोठ्या पुढाऱ्यांनी सांगितली होती. मी ती पाठ केली होती."

"त्यांनी वाचली होती?"

"विचारायची पद्धत नव्हती," भाऊजी म्हणाले. "आणि नववं तर कोणालाच मिळालेलं नाही. बंदी आहे ना."

मला राग यायला हवा होता. आला नाही. आठ वर्षं माझी काही वाया गेली नव्हती, ती कशात गेली ते मला माहीत होतं. थोडंसं हसू आलं, ते मी चहा गाळताना उरकलं. मग मी त्यांना त्या वाक्याचं सांगितलं. भाऊजींनी खिशातून पत्र काढलं. त्यांनी ते जपून ठेवलं होतं, घड्यांवर फाटलं होतं. जिथे मी मावशींचं आणि धरणाचं लिहिलं होतं तिथे सलग साडेतीन ओळींवर काळी शाई होती. शाई संपली तिथे वाक्य सुरू होत होतं. अधिकाऱ्याला धरण आक्षेपार्ह वाटलं होतं, उन्हाळा वाटला नव्हता.

भाऊजींनी पत्र दिव्याशी धरून शाईखालचं वाचायचा प्रयत्न केला. नाही जमलं. मग विचारलं, "त्या कुठे आहेत?"

मावशी मागे दगडापाशी सभेमुळे उशीर झालेली भांडी उरकत होत्या. भाऊजी त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. दोन-तीनशे माणसांपुढे न अडखळणारा माणूस तिथे धोतराचा सोगा हातात धरून उभा होता.

"मावशी," ते म्हणाले, "ते वाक्य तुमचं होतं. मला माहीत नव्हतं. मी ते भलत्याच्या नावावर सांगितलं."

"असू द्या, दादा," मावशी म्हणाल्या. "पर तुमी नीट सांगितलं न्हाई."

"कसं सांगायला हवं होतं?"

"बांद सांगाया पायजे. आंब्याचं खोड सांगाया पायजे. निस्तं वर दिसतं म्हनल्यावं लोकास्नी काय दिसनार?"

भाऊजी तिथेच उकिडवे बसले. त्यांनी वही काढली. "सुरुवातीपासून सांगा," ते म्हणाले. मावशींनी सांगितलं : शेत किती होतं, कोणत्या वर्षी पाणी आलं, घर सोडताना चुलीचं काय केलं, उन्हाळ्यात नवरा कुठे जाऊन बसतो. भाऊजी लिहीत होते. मधे एकदा त्यांनी, "म्हणजे हा अन्याय तुम्हाला..." असं सुरू केलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "आदी ऐका तरी." ते पुन्हा लिहायला लागले. अंधार पडायला लागला तसे यजमान बाहेर आले, त्यांनी कंदील आणून दगडावर ठेवला आणि परत आत गेले.

यानंतर भाऊजी त्या भागात जिथे जिथे बोलले, वडगावला, तळेगावला, सोमाटण्याच्या फाट्यावर, तिथे त्यांनी "आंदर मावळातली एक बाई म्हणते" अशी सुरुवात करून बांधाचं आणि आंब्याच्या खोडाचं सगळं सांगितलं. मला त्यांनी ते पत्राने कळवलं. टाळ्या पूर्वीपेक्षा कमी पडतात, असंही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. लोक नुसते बसून राहतात, आणि सभा संपल्यावर दोघं-चौघं मागे थांबून आपलंही सांगायला लागतात, त्यामुळे गाडी चुकते. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं की लोणावळ्याहून पुण्याला जाणारी सगळ्यांत शेवटची गाडी किती वाजता असते. त्याचं उत्तर यजमानांनी दिलं, तारेने.